एमए, एमबीए आणि माझी गुप्त मोहीम

काय झालं ते सांगतो, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. ठसका लागेल!

रियाधमध्ये सौदीकरणाचा जोर होता तेव्हा मी एका कंपनीत अकाउंटंट होतो. एक दिवस साहेब म्हणाले, "रफिकभाई, या जागा आता इथल्या पोरांना द्यायच्यात. तुम्ही आणखी काही शिकलात, तर वरच्या जागेवर घेता येईल."

नोकरी गेली की इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना गेला, आणि इकामा गेला की थेट रत्नागिरी! मी चंग बांधला. आपल्याकडच्या एका विद्यापीठात ऑनलाइन जोडपदवी होती. अर्थशास्त्राचं एमए आणि एमबीए, दोन्ही एकदम! अट एकच: दोन्ही विभागांत वेगवेगळा प्रवेश मिळवायचा.

वेगवेगळा! म्हणजे याचा त्याला पत्ता लागता कामा नये, नाही का?

बायको, नसरीन, म्हणाली, "अहो, एकदा फोन करून विचारा ना."

"विचारायचं काय त्यात? तू बघच!"

एमबीएच्या मुलाखतीत सरांनी विचारलं, "अर्थशास्त्राकडे नाही वळावंसं वाटलं?"

"छे हो सर! ते म्हणजे झोपेचं औषध!"

मग एमएच्या मॅडम. "एमबीए का नाही करत?"

"मॅडम, ते टाय बांधून गप्पा मारणाऱ्यांचं काम!"

दोघंही खूश. दोन्हीकडे पास! मी घरभर नाचलो. तेवढ्यात विद्यापीठातून फोन आला, "अभिनंदन! आता जोडपदवीची शेवटची मुलाखत. दोन्ही विभाग एकत्र घेतील."

एकत्र? माझा नाच तिथंच थांबला.

स्क्रीनवर एकीकडे मॅडम, दुसरीकडे टाय घातलेले सर.

मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "यांचा अर्थशास्त्रावर फार जीव आहे हं."

"असं? मला तर झोपेचं औषध म्हणाले!"

"अगंबाई! आणि मला म्हणाले, एमबीए म्हणजे टाय बांधून गप्पा!"

सरांचा हात टायकडे गेला, माझा लॅपटॉप बंद करायला. खलास!

पण हटतोय कोण? पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, दोघांची माफी मागितली, सगळं खरं सांगितलं आणि प्रवेश मिळवलाच!

पहिल्या ऑनलाइन वर्गात मॅडम नियम सांगत होत्या, "वेगवेगळा प्रवेश म्हणजे चोरून प्रवेश नव्हे. हे वाक्य एका उमेदवारामुळे मुद्दाम घालावं लागलं."

सगळी पोरं हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.

एकानं विचारलं, "मॅडम, एवढा हुशार होता तरी कोण?"

मॅडम बिचाऱ्या नाव टाळून पुढच्या नियमाकडे वळल्या. पण माझा माइक चालू होता आणि मागून नसरीन म्हणाली, "कोण म्हणजे? आमचे हेच!"