भिवरामावशीचं कातडं, आप्पाचे खिळे

लोक अजून म्हणतात, घाटनांदूरच्या भिवरामावशीच्या कातड्यानं धोंडप्पाची लॉरी खाल्ली. हे ऐकलं की डोस्कं फिरतं माझं. तीस वर्षं त्या बाईनं इहिरीचं पाणी वढायच्या कातडी मोटा शिवल्या. नवरा पटकीत गेला, तरी हातातली आरी सोडली न्हाई. तिच्या मोटंतून थेंब गळत नसायचा. आन् ह्या आडतवाल्या धोंडप्पानं, आमच्या आप्पानं, एका बाजारात तिची माती केली.

मी त्रिंबक, त्या लॉरीचा डायवर. मोमिनाबादची सडक नुसती खडीची. चाकाखालचा खडा उडायचा तो थेट खालच्या पत्र्यावर. रंग उडायचा, आन् दोन पावसांत तिथं गंज चढायचा. मावशीनं एकदा वाकून बघितलं.

"उघड्या पत्र्याला जवसाचं तेल चोळ," ती म्हणाली. "मंग चाकामागं जुन्या मोटंचं कातडं सोड. वरूनच बांधायचं, खालून मोकळं. खडा कातड्यावर बसंल, पाणी निथळून जाईल."

डाव्या बाजूला तिनं सोताच बांधून दिलं. आप्पाला काही ते आवडलं न्हाई.

"लोंबतंय कसं बे, फकिराच्या झोळीवानी! चारी बाजूंनी पितळी खिळे मार. चकाचक दिसाया पायजे."

"आप्पा, आत पाणी कोंडलं तर पत्रा सडंल," मावशी म्हणाली. "मी न्हाई मारणार."

"मला शिकवतीस?" म्हणत आप्पानं हातोडी माझ्या हातात दिली. उजव्या बाजूचा एकूण एक खिळा मी ठोकला. पत्र्याला भोकं पडत व्हती, मला दिसत व्हती. डाव्या बाजूला खिळे पुरले न्हाईत, म्हणून ती तेवढी वाचली.

पावसाळाभर ओढ्यातून लॉरी काढली. दसऱ्याला धुवाया घेतली तर उजवा पत्रा कातड्यासकट हातात आला. आत नुसता भुगा. डावा ठणठणीत.

आप्पानं तो सडका पत्रा बाजाराच्या दिवशी दुकानाम्होरं टांगला. "बघा भिवरीचं कातडं. हिची मोट लावाल तर इहिरीवर बी असंच हुईल."

रब्बीचं पाणी द्यायचे दिवस. सगळ्यांच्या मोटा शिवायच्या व्हत्या, आन् मावशीचं वर्षाचं पोट त्याच महिन्यावर व्हतं. ती आली. पत्र्यावरच्या भोकांवर बोट ठेवत म्हणाली, "खिळ्याखिळ्यातून गंज शिरलाय. हे खिळे माझे न्हाईत. त्रिंबकला इचारा."

अख्खा बाजार माझ्याकडं बघाया लागला. आप्पा गादीवर पान चघळत बसला व्हता.

"सांग लेकरा," मावशी म्हणाली. "लई न्हाई इचारत. खिळे कुणी ठोकले, एवढंच सांग."

मी म्हणालो, "मला काय म्हाईत."

मावशीनं पदर सावरला आन् गेली. त्या रब्बीला तिच्याकडं एकबी मोट आली न्हाई. उन्हाळ्यात माजलगावकडं गेली म्हणे, लाकडाच्या मोळ्या वाहून पोट भराया.

आप्पाला मी रोज शिव्या घालतो, मेलेल्या माणसाला. पण त्याच्याकडून तिनं खऱ्याची आशाच धरली नव्हती. तिनं मला इचारलं व्हतं.