चार दिवसांची गोळी

इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाई माझं बीपी दुसऱ्यांदा मोजून म्हणाल्या, "एकावन्न पूर्ण झाली ना? गर्भनिरोधक गोळ्या आता बंद करा, दुसरं काही वापरू. तुमची पाळी बहुतेक केव्हाच गेलीय. दर महिन्याला रक्त जातं, ते या गोळ्यांमुळे." मी मान डोलावली आणि येताना मेडिकलमधून आणखी तीन पाकिटं घेतली.

मला ती पाळी हवी होती. आमचा देव्हारा स्वयंपाकघरातच. नवी नवरी होते तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं, "कावळा शिवला की चार दिस इकडं फिरकायचं नाय." तेव्हा मागच्या खोलीत बसून मी रडायचे. पुढे अक्कल आली. बाकीचा महिना राबायचं आणि ते चार दिवस पंख्याखाली लोळत वाचायचं. अठ्ठ्याहत्तरीच्या सासूबाई सुजल्या गुडघ्यांनी ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापायच्या, माझं ताट उंबऱ्याबाहेर सरकवायच्या. त्यांचं कण्हणं ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? गोळ्या मी पॅडच्या पिशवीत ठेवायचे. त्या पिशवीला घरात कुणी बोट लावत नसे.

डोकं ठणकायचं. पुढच्या महिन्यापासून बंद, असं दर महिन्याला ठरवायचे.

अशाच एका तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात धप्पकन आवाज झाला. सासूबाई ओट्याखाली सांडलेल्या पाण्यात आडव्या पडल्या होत्या. मी उंबऱ्यापाशी धावले.

"शिवू नको मला," त्या म्हणाल्या. "त्याला फोन लाव."

मला खरा विटाळ नव्हता, जात होतं ते गोळ्यांमुळे. हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. एक शब्द बोलून आत जाता आलं असतं, पण तो बोलले की माझे चार दिवस कायमचे गेले असते. मी फोन लावला. नवरा दुकानातून निघाला आणि द्वारका चौकातल्या गर्दीत अडकला. पाऊण तास मी उंबऱ्याबाहेर उभी होते. तव्यावरची भाकरी काळी पडली, धूर झाला. गॅस बंद कर असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही केला नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मी नेहमीसारखं म्हणाले, "आई, मला अडचण आहे."

"आता कसली शिवाशिव, बाई," त्या म्हणाल्या. "उचल मला. अंथरूण ओलं झालंय."

मी उचललं. मग उरलेली पाकिटं कचऱ्यात टाकली. आता ती घेऊन काय करणार होते? डॉक्टरीणबाईंनी शहाणपणाचा निर्णय म्हणून कौतुक केलं.

पाळी पुन्हा आली नाही. परवा सासूबाईंचं अंग पुसत होते, तर त्यांनी विचारलं, "तुझं ते गेलं का गं?"

"गेलं."

"सुटलीस," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या कुशीवर वळवायला माझ्याकडे हात पुढे केला.