जावेचं औषध

जयवंताबाईला शुगर आहे, हे सावरगावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिची जाऊ अनुराधा कॅनडाहून दिवाळीला आली, तेव्हा जयवंताबाईच्या पोटात दुसरंही एक दुखणं आहे ते कळलं. त्यावर गोळी निघालेली नाही.

जयवंताबाई संत्र्याचे बगीचे बघते. झाडावर माल असतानाच सौदा करायचा, ही इकडची रीत. पांढुर्ण्याचा व्यापारी पैसे सोडायच्या आधी हिला पाठवतो. ही एकटी ओळीओळीनं फिरते, वर बघते, खाली पडलेली फळं पायानं सरकवते आणि सांगते, माल इतका, गळ इतकी. गळ नसलेला बगीचा दाखवतो म्हणणारा तिच्या लेखी चोर.

एकदा गोळी खाऊन ती अशीच बगीच्यात गेली आणि घामानं भिजली. डोळ्यांपुढं अंधारी, हातपाय थरथर. झाडाला धरून बसून राहिली. तेव्हापासून तिला शुगर वाढायची भीती नाही, उतरायची आहे. मग काय, बगीच्याच्या दिवशी गोळी बुडवायची. शुगर चढत गेली. डॉक्टर म्हणाला, "अम्मा, अब सुई लगेगी." सुई म्हणजे इन्सुलिन, रोजची. ही चपला घालून घरी. एकटी पडली बगीच्यात तर कोण बघणार? आणि सुई लागली की माणूस संपला, असं अर्धं गाव मानतं ते वेगळंच.

मी गावच्या आजाऱ्यांसाठी सायकलवर फिरून दवाखान्यांशी भांडणारा माणूस. शाळा आठवीत सुटली, दवाखान्याची भाषा दवाखान्यात भांडूनच शिकलो. किती वेळा तिला सांगितलं, बाई, डॉक्टरला आपली अडचण सांगा, दुसरं काही देता येतं का विचारा. "तुमचं कामच बोलाचं, बोलून राहिले," म्हणून मला चहा द्यायची.

आणि आली अनुराधा. बारीक, ताठ, पंजाबी ड्रेसमध्ये. अंगणात बायांचा घोळका.

"काय खातं वं तू तिकडं?" शेजारच्या सुमननं विचारलं.

"खात नाही, टोचतो. हप्त्यातून एक सुई, पोटात. भूकच मरते."

"पाह्य तुही जाऊ, नवरीवानी झाली," जयवंताबाईचा नवरा भैय्याजी खाटेवरून बोलला. "अन् तू तं दिवसेंदिवस पोतं होऊन राहिली."

सगळ्या हसल्या. जयवंताबाईही हसली. दातांनी.

अनुराधा सांगत होती, "तिथं नर्स पहिले विचारते, तुम्हाला काय पाहिजे, भेव कशाचं आहे. मी म्हटलं, वजन उतरू द्या, मळमळ सोसीन. माझ्या शेजारची जपानी बाई त्याच मळमळीपायी नाही म्हणली. दोन घास सुखानं खाऊ द्या म्हणे. एक नायजेरियाचा टॅक्सीवाला आहे. थो म्हणे, शुगर एकदम उतरवते ते औषध नकोच, माझ्यामागं सवारी बसते. ज्याचं त्याचं."

जयवंताबाईनं कप आपटून उचलले.

अनुराधाची सुई, जाड पेनासारखी, हिच्याच फ्रिजमध्ये, दह्याच्या गंजाशेजारी. शुक्रवारी अनुराधा साड्या घ्यायला पांढुर्ण्याला गेली. हिनं तिला टोचताना पाहिलं होतंच. नवी सुई लावली, तिच्याइतकंच औषध घेतलं, पेन जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मारुतीचा उपास. बगीचा नव्हता म्हणून सकाळी गोळीही घेतली. मग दोघी जावा जामसांवलीच्या मारुतीला. साबुदाण्याची उसळ पोटात ठरेना, केळं ठरेना. दर्शनाच्या रांगेत ओकाऱ्या सुरू झाल्या, पदर घामानं चिंब, आणि ही मटकन खाली. बाया धावल्या. कोणी डोकं मांडीवर घेतलं, कोणी तळपाय चोळले. अनुराधानं कोणाच्या तरी ताटातला पेढा उचलला, देवाला दाखवायच्या आधीच, कुस्करून तिच्या गालात सारला. देवानं काही म्हटलं नाही. तिथून सौंसरच्या दवाखान्यात, सलाईन.

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा तोंडं चालू होती.

"माझं औषध घेतलं ना बाई तुम्ही?"

"घेतलं."

"मरून गेल्या असत्या. मले मागाचं होतं."

"तुले मागू? तुले तिथं इचारून इचारून देते. मले कोनी इचारलं आजवर?"

अनुराधा खाली बघून म्हणाली, "पहिला महिना मी अशीच ओकत होती. पोरगा तुषार दिवसभर कामावर. थो असून पाठीवर हात ठेवाले कोनी नोतं. आज तुमच्यासाठी अख्खी रांग मोडली. मले माझंच वाईट वाटलं पाहून."

"वाईट वाटलं?" जयवंताबाई उशीवर जरा वर सरकली. "खरंच?" आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं बिस्किट मागितलं.

पुढच्या हप्त्यात डॉक्टरकडे मी सोबत गेलो. भाषण तयार होतं. तिनं हातानंच मला थांबवलं.

"डॉक्टरसाहेब, आधी मले इचारा."

"क्या पूछूँ?"

"मले भेव कशाचं आहे थे."

त्यानं पेन खाली ठेवलं. ती बोलली, बगीचा, घाम, अंधारी, बुडवलेल्या गोळ्या, सगळं. मी दोन वर्षं जे डॉक्टरसमोर काढू शकलो नाही ते पाच मिनिटांत बाहेर. डॉक्टरनं ती गोळी बंद केली. म्हणाला, रात्री इन्सुलिनच्या सुईचा थोडा डोस, बगीच्यात जायच्या आधी तपासणी, कमरेला साखरेची पुडी.

"याच्यात गळ किती?"

त्याला कळेना. मी समजावलं, शुगर किती जणांची एकदम उतरते, विचारून राहिल्या.

"त्या गोळीपेक्षा कमी," तो म्हणाला. "पण नाहीच असं नाही."

"नाहीच म्हटलं असतं तं उठून गेली असती," जयवंताबाई म्हणाली, आणि सुई कशी धरायची ते दाखवा म्हणाली.

गावभर आता सांगते, डॉक्टरशी बोलायला जावेनं शिकवलं. माझं नाव नाही. विमानातून उतरलेल्या तोंडाला भाव आहे, सायकलवरच्याला नाही. सांगू दे.

परवा मी बसलो होतो तेव्हा अनुराधाचा फोन आला. सुई घेता ना बाई, विचारत होती.

"घेतो ना," जयवंताबाईनं फोन तोंडाजवळ धरला, थेट कॅनडात ऐकू जावं अशी बोलली. "डॉक्टरनं मले इचारून देली."