धोंडूभावोजींची हवेवरची बस

आमचे भावोजी धोंडू परब म्हणजे जन्माचे संशयी. नळाला पाणी आलं तरी आधी वास घेणार, मग भांडं लावणार. गिरणीत ते फिटर होते, आणि तिथे मशीनचा एखादा भाग जागेवर दिसला नाही की तो चोरीलाच गेलेला असायचा. संपात गिरणी बसली, भावोजी मरोळला भीमराजशेठच्या गॅरेजात लागले. संशय मात्र सोबत घेऊन आले.

माझी बहीण रत्नप्रभा त्यांची बायको. तिचा मणका सरकला तेव्हापासून डॉक्टरांनी तिला धक्के बंद केले होते. धक्के बंद म्हणजे गाव बंद. मुंबई-गोवा रस्त्यावर एसटीत बसलं की धडधाकट माणसाचीही कुडाळपर्यंत हाडं खिळखिळी होत. गावच्या देवीची जत्रा माघात. माहेरवाशिणीने स्वतः येऊन ओटी भरायची असा रिवाज. चारेक वर्षं ताईची ओटी मीच पोचवत होतो. दरवर्षी आई रस्त्याकडे बघत विचारायची, "तू इलस, ता बरा झाला. पण ती खंय?"

१९८६ साली ती बस गॅरेजात आली. विमानतळावरून पाहुण्यांची ने-आण करायला कुठल्याशा कंपनीने परदेशातून आणलेली, आणि आता लिलावात शेठच्या गळ्यात पडलेली. तिला चाकांवरचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे नव्हतेच. पाट्यांच्या जागी रबराचे जाड फुगे, आत हवा. गॅरेजात त्यांना बलून म्हणत. माणसं चढली की बस दबायची, ॲक्सलजवळच्या व्हॉल्व्हचा दांडा हलायचा आणि बलूनमध्ये हवा भरून बस पुन्हा वर यायची. माणसं उतरली की जादा हवा फुस्स करून बाहेर. म्हणजे असं व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात ती बसकण मारलेल्या म्हशीसारखी पडली होती.

भावोजींनी तिच्याभोवती फेरी मारली. "शेठ, मी उठवतो हिला. जत्रेला गावी न्यायला द्याल?"

"उठली तर ने," शेठ हसले. "नाय उठली तर तूच ढकलत ने."

घरी येऊन भावोजींनी ताईला शब्द देऊन टाकला आणि मग कामाला लागले. चिरलेले बलून मरोळच्या एस्टेटमधल्या रबरवाल्याकडून नवे करून घेतले, शॉकअप बदलले, नळ्यांना साबणाचं पाणी लावलं आणि जिथे बुडबुडा येईल तिथला जोड शिव्या देत आवळला. एका दुपारी बस उठली. आधी मागून, मग पुढून, अगदी सावकाश. भावोजींनी तिला चक्क हात जोडले! मला हसू आवरेना.

पण संशय आडवा आला. मागच्या बाजूला डावा-उजवा असे दोन व्हॉल्व्ह होते, पुढे मात्र दोन्ही बाजूंना मिळून एकच. "कोपरे चार आणि व्हॉल्व्ह तीन? चौथो कोणीतरी ढापल्यान!" त्या न दिसलेल्या चोराच्या सात पिढ्या त्यांनी उद्धरल्या. मग कुर्ल्याच्या भंगारातून चौथा हुडकून आणून बसवला.

मी ड्रायव्हर, म्हणून चाचणीला स्टिअरिंग माझ्या हाती. बसला वजन हवं म्हणून मरोळच्या बाजारातून वेसाव्याला परतणाऱ्या अंजनाबाई कोळणीला, तिच्या मैत्रिणींना आणि सगळ्यांच्या टोपल्यांना फुकट बसवलं. पहिल्याच वळणावर बस डाव्या खांद्यावर झुकली, सावरायला गेली ती उजव्या खांद्यावर. चारी कोपऱ्यांची आपसात भांडणं. एक उठला की दुसरा बसे.

"आरं धोंडू," अंजनाबाई ओरडली, "ही बस हाय का दर्यातली होरी? होरी पन एवरी डुलत नाय!"

बायका हसत हसत रस्त्यातच उतरल्या. भावोजींचं तोंड उतरलं. जत्रा जवळ आली होती आणि ताईने बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

त्या रविवारी मुलुंडला ताईच्या घरात रॉकेल संपलं, म्हणून ताईने चाळीमागे चूल मांडायला सांगितली. तिला वाकायची बंदी, तेव्हा ती खुर्चीवर आणि हुकूम माझ्यावर. मी चार दगड मांडून पातेलं चढवलं. ते डुगडुगायला लागलं. एका दगडाखाली खापरी सरकवली, तर दुसरीकडून डुगडुगलं.

"शाण्या, चुलीक चार दगड कोण लावता?" ताई करवादली. "तीन लाव. तीन दगडांर पातेला आपसूक बसता."

पायरीवर तोंड पाडून बसलेले भावोजी ताडकन उठले. पातेल्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं. "अगो, चोरी झालीच नाय! बसपण तीनारच बसता!" असं ओरडून शर्ट घालत ते मरोळकडे पळाले. जेवलेसुद्धा नाहीत, आणि भावोजी जेवण सोडतात म्हणजे प्रकरण मोठं असतं.

भावोजींनी चौथा व्हॉल्व्ह काढून टाकला, पुढे पुन्हा एकच ठेवला आणि बस वळणावर शहाण्यासारखी वळू लागली. अंजनाबाईला पुन्हा बसवायला बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या. उतरताना ती म्हणाली, "आता बरी हाय." कोळणीने एवढं म्हणणं म्हणजे पदकच.

जत्रेच्या आदल्या दिवशी पहाटे, मुंबईतली गावची माणसं बसमध्ये भरून आम्ही निघालो. ताई मधल्या सीटवर, पाठीशी दोन उशा. भावोजी तिच्याजवळ बसलेच नाहीत. मागच्या चाकावरच्या फळीला कान लावून बसले. पेणपुढचे खड्डे गेले. कशेडीच्या घाटात मी आरशात पाहिलं, तर ताईची मान एका बाजूला कलंडलेली. मी गाडी कडेला घेतली. भावोजी धावत आले, वाकून पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवून साऱ्या बसकडे वळले.

ती घोरत होती.

मग ती मालवण्यांनी खच्चून भरलेली बस संगमेश्वरपर्यंत कुजबुजत बोलली. असा चमत्कार आमच्या देवीनेही कधी दाखवला नव्हता.

घराशी पोचलो तेव्हा आई दारापुढच्या खळ्यात उभी होती. ताई दांडा धरून एकटी उतरली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "दुखता काय गो?"

ताई गोंधळून बघत राहिली. "काय? पाठ? नाय गे. माका भूक लागली हा. घावणे केलंस?"

आईने तिला जी मिठी मारली ती सोडेचना. भावोजी "व्हॉल्व्ह बघतंय" म्हणत बसखाली शिरले. बराच वेळ झाला, म्हणून मी वाकून पाहिलं. ते उताणे पडून रडत होते आणि मला बघून हसायला लागले. मीही आत सरकलो आणि त्यांच्या शेजारी पडलो. उद्या ताई आपल्या हाताने ओटी भरणार होती. काय आनंद झाला होता आम्हाला, काय सांगू!