पाइपलाइनचा तोंडी करार

माझं लग्न होऊन मी शिंदखेड्याजवळच्या गावात आले, त्याच हिवाळ्यात सासऱ्यांनी शेजाऱ्याशी बोलणी केली. त्याच्या शेतातून आमची पाइपलाइन न्यायची. बदल्यात आमच्या विहिरीचं पाणी आठवड्यातून एक दिवस त्याला.

सासऱ्यांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांनी कागद करू म्हटलं, तर शेजारी हसला. "नाना, आपल्यात कागद कशाला?" त्याची म्हातारी आई ओट्यावर शेंगा सोलत होती. नानांनी भिडेपोटी कागदाचा विषय सोडून दिला. घरी येऊन मात्र मला म्हणाले, "फार लवकर हो म्हणाला हा."

चर खणून पाइप टाकले. शेजाऱ्याने हरभऱ्याला आमचं पाणी घेतलं. पीक निघालं आणि एके दिवशी तो म्हणाला, "पाइप काढून घ्या. कागद असेल तर दाखवा."

मी बी.ए. झालेली, म्हणून नानांनी मला सोबत धुळ्याला वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, "तोंडी करारही करारच असतो. तुम्ही विचारलं, तो राजीखुशीने हो म्हणाला, बदल्यात पाणी घेतलं. पण कोर्टात तो नाही म्हणाला, तर साक्षीदार कोण?"

बाहेर पडल्यावर नाना पुटपुटले, "ह्या वकिलाची त्याच्याशी ओळख तर नसेल?"

दोन दिवसांनी शेजाऱ्याची म्हातारी आई ताक मागायला आली. तिला आम्ही अक्का म्हणत असू. इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, "वकील काय म्हणाला?" लेकानेच पाठवली असणार. मी ताक दिलं, उत्तर दिलं नाही.

ती उठली नाही. म्हणाली, "मी तठेच व्हतू. त्यानी हाव म्हना. कोर्टात बी हेच सांगसू." म्हणजे लेक हो म्हणाला होता, हे ती कोर्टातही सांगणार होती.

नाना आतून ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "हिचा काय डाव आहे?" मलाही तेच वाटत होतं.

डाव नव्हता. तिने घरी लेकालाही तेच ऐकवलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो मुकाट्याने स्टॅम्पपेपरवर सही करायला आला. नानांनी मला प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली, मग स्वतः सही केली.

पाइप राहिले. पण त्याच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी नाना विहिरीवर जाऊन बसत आणि मोटर बंद झाल्यावरच घरी येत.