सफरचंदाएवढी ताडपत्री

ताडपत्रीचं वजन जेमतेम सफरचंदाएवढं होतं. गडाच्या पठारावर पोचल्यावर ती मुठीत धरून माझा मित्र मला कौतुकाने दाखवत होता.

"आणि उभारायला काठ्या?" मी विचारलं.

"त्या कोण वाहणार? इथे मिळतात की!" म्हणत त्याने चाकूने कारवीचे दोन हिरवे सोट कापलेही. सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी, आणि दोन्हींवर कळ्या! माझं डोकंच फिरलं. म्हणे हलकं फिरायचं! ओझं याने कमी केलंच नव्हतं, डोंगराच्या अंगावर टाकलं होतं. कमीत कमी सामानात जगतो म्हणून मिरवणाऱ्या प्रत्येकाचं ओझं दुसरंच कुणीतरी वाहत असतं. मी त्याला वाट्टेल ते बोललो.

मग जोराची सर आली, आणि मी निमूटपणे त्याच ताडपत्रीखाली शिरलो. नाकासमोरच्या काठीवर कळ्या अजून ताज्या होत्या.