रांजणातलं कडू पाणी

सॅम्पल दुसऱ्यांदा लावलं तरी क्रिएटिनिन वाढलेलंच आलं.

किडनी रक्त गाळते. गाळण नीट झालं नाही की क्रिएटिनिन रक्तात साठतं. इतकं सोपं आहे, म्हणूनच केजमध्ये माझ्यासारख्याची लॅब चालते. पण हे रक्त युसूफ वडगावच्या ज्ञानोबाचं होतं. माणूस शेळ्या राखणारा, पोटात आईची किडनी. बसवून वर्षही झालं नव्हतं.

माझा पहिला संशय मशीनवर. तिची माझ्याहून जास्त सर्व्हिसिंग होते. मशीन बरोबर निघाली.

मग संशय ज्ञानोबावर. शरीर दुसऱ्याच्या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतं. म्हणून प्रतिकारशक्तीला रोज गोळ्या देऊन गुंगीत ठेवावं लागतं. गोळ्या चुकल्या की ती जागी होते.

संभाजीनगरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "काहीतरी झाडपाला घेतोय तो. घरी जाऊन बघ. आणखी एक सॅम्पल घे आणि त्याला लगेच इकडं पाठव. ही किडनी गेली तर दुसरी कुठून आणणार?"

मी मोटरसायकल काढली आणि ज्ञानोबाचं घर गाठलं.

"गोळी चुकली का?"

"न्हाई सायेब. मोबाइलात अलारम लावलाय."

"काढा, चूर्ण, मुळी?"

"डॉक्टरनं नगं म्हणल्यापासून काई न्हाई. शेळीची आन."

शेळीची शपथ खाणाऱ्यावरही मी विश्वास ठेवला नाही. फळीवरचे डबे उघडले. एकात जिरं, एकात शेळ्यांचं जंताचं औषध. त्याची आई, रुक्मिणमावशी, दारातून बघत होती. "काय हरवलंय का तुमचं?" तिनं विचारलं आणि रांजणातलं पाणी दिलं.

घोट घेतला. कडू.

"नवा बोअर हाय," ज्ञानोबा म्हणाला. "आमाला सवय झाली आता."

बोअरचं पाणी खारट लागतं, मचूळ लागतं. असं कडू लागत नाही. मी रांजणाचं झाकण काढलं. कडेला सुतळी बांधलेली होती. ओढली तर फडक्यात गुळवेलीचे ठेचलेले तुकडे.

"मावशी, हे काय?"

"कडुलिंबावरची हाय. रोज ताजी घालते," ती म्हणाली. "माजीच किडनी हाय ती. तिला ताकद नगं का?"

गुळवेल प्रतिकारशक्तीला डिवचते असं मानतात. इतरांना ते हवं असतं. इथं आई आपल्याच किडनीच्या अंगावर फौज सोडत होती.

"आये, मला सांगितलं का न्हाईस?" ज्ञानोबानं विचारलं.

"तू प्याला असतास का?"

मी चिडून म्हणालो, "कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

मावशीनं भिंतीकडं बोट केलं. कॅलेंडरशेजारी पिवळा पडलेला कागद. 'प्रतिकारशक्ती वाढवा. घरातल्या सर्वांनी रोज गुळवेल घ्या.' खाली माझ्या लॅबचं नाव आणि माझा फोटो. कोरोनात प्रत्येक रिपोर्टसोबत मी हा कागद वाटला होता. फोटोत केस बरे आहेत.

"तुमीच की," मावशी म्हणाली.

ज्ञानोबा दुसऱ्या दिवशी संभाजीनगरला अॅडमिट झाला. सलाइनमधून औषधं दिली, रांजण धुतला, आकडा हळूहळू उतरला. किडनी वाचली. सगळं गुळवेलीमुळंच झालं, असं डॉक्टर छातीठोक म्हणाले नाहीत. तो घरी परतल्यावर मी सॅम्पल घ्यायला जायचो, मावशीनं मात्र आठवडाभर मला पाणी विचारलं नाही.

असे कागद किती वाटले, मला आठवत नाही. आता घरी सॅम्पल घ्यायला गेलो की आधी भिंती बघतो. शीर नंतर शोधतो.